पंडिता रमाबाई : अंतःशुद्धीची वाट

पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव नावाचे स्टेशन आहे. आमच्या गावाहून कॉलेजात येताना ते मला रोज लागते. लहानपणी आजीबरोबर आळंदीला जाताना गाडी तेथे थांबली, की आजी खिडकीतून बोट दाखवी. इकडे त्या बाटलेल्या बाईचे मिशन आहे एवढेच सांगे आणि पुन्हा जपमाळ ओढू लागे. आजीला अक्षरओळख नव्हती. त्या बाईने आयुष्यात काय केले हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही कधी विचारले नाही. गेल्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयात पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती आले, तेव्हा प्रथम आठवले ते आजीचे बोट. ते पुस्तक वाचताना माझ्या मनात माझेच एक खोटे दडून बसलेले होते. त्याविषयी शेवटी सांगेन.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान ब्राह्मण. स्त्रीने संस्कृत शिकणे पाप मानले जाई त्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकविले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थामागून तीर्थ हिंडले. पवित्र जलात स्नान करावे, व्रते करावीत, म्हणजे पाप धुतले जाते व देव जवळ येतो, अशी त्यांची निष्ठा होती. पुढे दक्षिणेतील दुष्काळाच्या काळात आई, वडील व थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु ज्या देवासाठी एवढी पायपीट केली तो भेटला नाही, ही खंत त्यांच्या मनात तशीच राहिली.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा झाली, आणि १८८२ च्या आरंभी पती पटकीने वारले. चोविसाव्या वर्षी, लहान मूल कडेवर घेऊन ही विधवा पुण्यास आली, आर्य महिला समाज स्थापला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व तेथेच सप्टेंबर महिन्यात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात केवढा गहजब झाला असेल! पण त्या कोणाच्याही मुठीत राहणाऱ्या नव्हत्या. इंग्लंडातील धर्मभगिनींशीही त्यांनी धर्ममतांवर निर्भीडपणे वाद घातला. मांसाहार त्यांनी कधीच स्वीकारला नाही.

त्यांच्या चरित्रातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग याच्या पुढे आहे. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आणले. काम वाढत होते, जगभर नाव झाले होते. अशा वेळी, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर स्वतःशी असे कबूल करणे किती कठीण! लहानपणी तीर्थाचे पाणी अंगावरून गेले होते, मोठेपणी बाप्तिस्म्याचे. पाणी बाहेरून जाते आणि मन आत असते. आपण जसे आहोत तसे देवापुढे उभे राहावे, काही लपवू नये, आणि क्षमा हे त्याचे दान म्हणून घ्यावे, एवढीच वाट त्यांना उरली. ती त्यांनी धरली आणि त्यांच्या मनाला शांती मिळाली.

१८९३ साली सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी मात्र आपल्या खोलीचे दार लावून घेऊन प्रार्थना करण्यास नकार दिला. त्यांच्या विरोधकांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे मी म्हणत नाही. विश्वासाने मुली सोपविलेल्या पालकांची चिंता मला समजते. परंतु लोकांपुढे एक आणि दाराआड दुसरे, असे जगणे या बाईला शक्य नव्हते.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथे सुमारे दोन हजार मुली व स्त्रिया होत्या. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना ही सर्व कामे त्याच करीत. अंध स्त्रियांनाही तेथे शिक्षण मिळे.

१९०५ च्या जानेवारीपासून रमाबाई रोज सकाळी प्रार्थनेला बसू लागल्या. प्रथम सत्तरएक जणी होत्या. जूनपर्यंत त्या पाचशेंवर गेल्या. पवित्र आत्म्याने आपली अंतःकरणे शुद्ध करावीत, एवढेच मागणे. जूनच्या अखेरीस एका रात्री एक मुलगी, आपल्या अंगात अग्नी आहे, असे सांगत रडू लागली. जवळची बाई पाण्याची बादली आणायला धावली. पाहते तो आग कोठेच नाही! दुसऱ्या दिवशी रमाबाई शांतपणे वचन समजावून देत असताना सगळ्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि त्यांना आपले बोलणे थांबवावे लागले. मुली रडत, आपले अपराध सर्वांसमक्ष कबूल करीत, आणि मग त्यांचे चेहरे आनंदाने उजळत. हा उन्माद आहे, अशी टीका झाली. रमाबाईंचे मत असे, की येथील माणसांना आपल्या रीतीने देवापुढे रडू-गाऊ द्यावे, परक्या शिस्तीत कोंडू नये. त्यानंतर मुलींची पथके आसपासच्या खेड्यांत जाऊ लागली.

पेंटेकॉस्टल व करिझ्मॅटिक ख्रिस्ती चळवळींचा इतिहास सांगताना लॉस एंजलिसच्या अझुसा स्ट्रीटचे नाव प्रथम घेतले जाते. तेथील सभा एप्रिल १९०६ च्या, म्हणजे केडगावनंतरच्या! मुक्तीतील मिनी एब्रॅम्स या अमेरिकन बाईंनी १९०६ साली लिहिलेले पुस्तक चिली देशातील त्यांच्या मैत्रिणीकडे गेले, आणि १९०९ च्या तेथील संजीवनाला त्याची प्रेरणा मिळाली. एब्रॅम्सबाईंच्या मते या अग्नीची खूण म्हणजे शुद्ध झालेले मन आणि दुसऱ्यांविषयीचे प्रेम.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम म्हणजे मराठी बायबल. उतारवयात हिब्रू व ग्रीक अभ्यासून, ऐकू कमी येत असताना, त्यांनी एकटीने संपूर्ण भाषांतर केले. जेमतेम अक्षरओळख असलेल्या खेड्यातील बाईलाही ते समजावे, म्हणून भाषा सोपी ठेवली. १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. भाषांतर पुरे झाले होते. मुक्तीच्याच छापखान्यातून ते १९२४ साली बाहेर पडले. संस्कृत पंडिता असलेल्या बाईने आपली सारी विद्या अशासाठी खर्च केली, की न शिकलेल्या बाईला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागू नये.

येथेच मी थबकले. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेली मी पहिलीच. प्रथम वर्षाचे गुणपत्रक घेऊन घरी गेले तेव्हा इंग्रजीचा विषय राहिला होता. अण्णांना वाचता येत नाही. त्यांनी कागद उलटा धरला, मग माझ्याकडे दिला, आणि मी सगळे विषय सुटले असे वाचून दाखविले. अण्णांनी आळीत पेढे वाटले. रमाबाई आपल्या विद्येने ज्यांचे परावलंबन दूर करीत होत्या, तशाच माणसाला मी माझ्या तुटपुंज्या विद्येने फसविले होते.

मी ख्रिस्ती नाही. आजीचा विठ्ठल माझ्या घरात आहे आणि राहील. तरीही मुक्तीतील त्या मुलींची कबुली मला सोडीना. दिवाळीच्या सुट्टीत, अण्णा गोठ्यात धार काढीत असताना, मी सर्व सांगून टाकले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. धार पुरी झाल्यावर, परीक्षा पुन्हा केव्हा आहे आणि फी किती भरावी लागेल, एवढेच त्यांनी विचारले. त्या रात्री ते माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी मात्र त्यांनी ते गुणपत्रक पुन्हा मागितले आणि इंग्रजीची ओळ कोणती ते बोटाने दाखवायला सांगितले. मी दाखविली.

आता रोज केडगाव येते. मी खिडकीतून पाहते, आणि आजीने दाखविलेल्या दिशेला मनोमन हात जोडते.