महाराजा रणजितसिंहांचा चेहरा आणि आजचे फिलर: पिंपलचे खड्डे खरंच भरतात का?

पिंपल गेले पण खड्डे राहिले, ते फिलरनं भरून निघतात का? मुखेड, कंधार, देगलूर, उदगीरकडच्या पोरापोरींचा हा प्रश्न मला सारखा येतो. उत्तर खाली सविस्तर दिलंय. पण मित्रांनो, आज ते एका राजाच्या आयुष्यातून सांगतो. असा चेहरा घेऊन जगलेला आणि आपल्या नांदेड जिल्ह्यात स्वतःची खूण ठेवून गेलेला एवढा मोठा माणूस मला दुसरा माहीत नाही. महाराजा रणजितसिंह. नांदेडचा सचखंड गुरुद्वारा ज्यांनी बांधवून घेतला, तेच.

माझ्याही दोन्ही गालांवर दहावीपासूनचे खड्डे आहेत. त्यामुळे त्यांच्याबद्दल काहीही वाचायला घेतलं की माझी नजर आधी चेहऱ्याच्या वर्णनाकडे जाते, हे आधीच सांगून टाकतो.

देवी आल्या, डोळा गेला

रणजितसिंहांचा जन्म 13 नोव्हेंबर 1780 चा, गुजराँवाला इथला. आज ते शहर पाकिस्तानात आहे. वडील महासिंह हे सुकरचकिया मिसलीचे सरदार. मिसल म्हणजे स्वतःची फौज आणि स्वतःचा मुलूख सांभाळणारा शीख सरदारांचा गट. पंजाबात तेव्हा अशा बारा मिसली होत्या आणि त्या आपसात भांडायच्या.

लहानपणीच त्यांना देवी आल्या. हा शब्द आता फक्त आजी-आजोबांच्या तोंडी उरलाय; इंग्रजीत ज्याला स्मॉलपॉक्स म्हणतात तोच रोग. दहा जणांना झाला तर साधारण तिघं दगावायचे. वाचायचे त्यांच्यापैकी बहुतेकांचा चेहरा जन्मभरासाठी खड्ड्यांनी भरायचा आणि काहींची दृष्टी जायची. रणजितसिंह वाचले. डावा डोळा मात्र गेला आणि तोंडभर व्रण राहिले.

देवीचे व्रण आणि पिंपलचे खड्डे यांचं कारण वेगळं आहे, पण त्वचेत जे बिघडतं ते जवळपास सारखंच. आपल्या कातडीचा वरचा थर पातळ असतो. तो खरचटला तर आठ-पंधरा दिवसांत नवा येतो, खूण राहत नाही. त्याच्या खाली जाड थर असतो, त्याला डर्मिस म्हणतात. कोलॅजन नावाच्या धाग्यांनी तो विणलेला असतो, गादीतल्या कापसासारखा. चेहऱ्यावर तेलाच्या ग्रंथी खूप असतात आणि त्या याच थरात असतात. देवीचा विषाणू तिथे नासधूस करायचा. पिंपल खोलवर सुजला, पिकला, किंवा आपण तो नखानं फोडला तरी मार तिथेच बसतो. कापूस कमी झाला की गादी खचते. वरून कितीही क्रीम लावा, ते खालपर्यंत पोचून गादी भरत नाही. बाजारात दोनशे रुपयांत खड्डे भरणारी जी ट्यूब मिळते, तिच्यात अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं चेहरा चार दिवस उजळ दिसतो आणि नंतर पिंपल दुपटीनं येतात.

देवीवरची लस इंग्लंडमध्ये 1796 साली निघाली. भारतात ती पहिल्यांदा टोचली गेली ती आपल्या मुंबईत, 14 जून 1802 रोजी, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. रणजितसिंह तेव्हा 21 वर्षांचे होते आणि त्यांचे व्रण केव्हाच पक्के झाले होते. पुढे गावोगाव देवी काढणारे फिरू लागले, लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणायचे. आजोबांच्या दंडावरचा गोल वण पाहिला असेल तर तो त्यांचाच. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975 चा, आणि 1980 साली जगातून हा रोग संपल्याचं जाहीर झालं.

अठराव्या वर्षी लाहोर

वडील वारले तेव्हा रणजितसिंह दहा-बारा वर्षांचे पोर होते. आई राजकौर आणि सासू सदाकौर यांनी कारभार धरून ठेवला. सदाकौर स्वतः फौज घेऊन लढणाऱ्या बाई होत्या. त्यांच्याशिवाय पुढचं काही घडलं असतं असं मला वाटत नाही. जुलै 1799 मध्ये दोघांनी मिळून लाहोर घेतलं. शहरातले लोक तिथल्या सरदारांना इतके कंटाळले होते की त्यांनीच यांना बोलावणं धाडलं होतं. रणजितसिंहांचं वय तेव्हा 18. एप्रिल 1801 मध्ये ते महाराजा झाले, पण नाण्यांवर स्वतःचं नाव घातलं नाही, नाणी गुरूंच्या नावानं पाडली.

उंची कमी, डोळा एक, लिहिता-वाचता येत नाही. आजच्या हिशोबानं प्रोफाइल रिकामंच. पण कागद वाचून घ्यायचे, हुकूम तोंडी सांगायचे आणि लिहिलेलं परत वाचायला लावायचे. 1831 मध्ये व्हिक्टर जाकमाँ नावाचा फ्रेंच प्रवासी त्यांना भेटला, तर त्यांनी प्रश्न विचारून विचारून त्याला घामच फोडला: इंग्रज कसे, युरोप कसा, नेपोलियन कसा, मेल्यावर काय होतं. नेपोलियनच्या फौजेत लढलेले आलार आणि व्हेंचुरा हे अधिकारी 1822 पासून त्यांची फौज घडवत होते. मुलतान 1818 ला आलं, काश्मीर 1819 ला, पेशावर 1834 ला पूर्ण ताब्यात आलं. कोहिनूर 1813 मध्येच शाह शुजाकडून मिळाला होता.

आपल्या माणसाचीही एक भेट यात आहे. 1805 च्या अखेरीस इंग्रज सेनापती लेक मागे लागलेला असताना यशवंतराव होळकर मदत मागायला थेट अमृतसरला पोचले. होळकरांचाही एक डोळा बंदूक फुटून गेलेला होता. दोन एकाक्ष लढवय्ये समोरासमोर आले, पण रणजितसिंहांनी फौज दिली नाही. पंजाब अजून नीट जुळलेला नव्हता, इंग्रजांशी तेव्हा भिडणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी मध्ये पडून तह घडवला आणि दोन्ही फौजा पंजाबातून बाहेर काढल्या. मराठी मनाला हे लागतं, मलाही लागलं. पण त्यांचं राज्य पुढची 34 वर्षं टिकलं, तेही खरं.

कॅमेरा नव्हता, बाजू होती

त्यांची चित्रं नेटवर शोधून बघा. बऱ्याच चित्रांत ते एका बाजूनं बसलेले दिसतात. दरबारी चित्रांची तशी रीतच होती, आणि इथे ती सोयीचीही होती: एक बाजू दिसली की दुसरा डोळा दिसत नाही. काही चित्रांत मात्र मिटलेला डावा डोळा सरळ दाखवलाय. गालावरचे व्रण बहुतेक चित्रकारांनी गाळलेत. हीच कामं आज आपला फोन करतो.

फोनचा ब्यूटी मोड आधी चेहऱ्यावरचे बिंदू ओळखतो: डोळे, नाक, ओठ, हनुवटी. मग या कडा तशाच ठेवून मधल्या गालाचे पिक्सेल शेजारच्या पिक्सेलशी मिसळतो. खड्डा फोटोत दिसतो तो मुळात सावलीमुळे. प्रकाश बाजूनं आला की खड्ड्याची एक कड उजळते आणि तळ काळा पडतो. मोड तो काळेपणा पुसतो. खिडकीकडे तोंड करून, समोरून उजेड घेऊन फोटो काढा; मोड बंद असला तरी निम्मे खड्डे गायब होतील. आणि फोन हातभर अंतरावर असला की नाक आहे त्याहून मोठं दिसतं, त्यामुळे सेल्फी बघून चेहऱ्याचा निकाल लावू नका.

फिलरही सावलीच घालवतं, पण ती कातडीच्या आतून. बारीक सुईनं खड्ड्याच्या तळाखाली जेल भरतात, तळ वर येतो, सावली पडत नाही. बहुतेक वेळा हे जेल हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं असतं. नावात अ‍ॅसिड असलं तरी ते भाजत नाही; आपल्या त्वचेत आणि सांध्यांत ते मुळातच असतं आणि पाणी धरून ठेवतं. 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते पहिल्यांदा वेगळं काढलं, गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून.

आता मुख्य प्रश्न. भरतात का? काही भरतात. गालावर रुंद, उथळ, लाटेसारखी खळगी असेल तर फिलर चांगलं चालतं. घरच्या घरी करायची एक खूण आहे: खड्ड्याच्या दोन्ही बाजूंची कातडी बोटांनी हलकी ताणा. खड्डा सपाट झाला तर फिलरचा उपयोग होण्याची शक्यता आहे. सुईनं टोचल्यासारखा अरुंद आणि खोल खड्डा ताणूनही तसाच राहतो. त्यात जेल भरलं तर कडा फुगतात आणि ते आणखी वाईट दिसतं. त्यांच्यासाठी वेगळे उपाय आहेत, खड्ड्यात नेमकं औषध लावणं किंवा तेवढा भाग छोट्या पंचनं काढून टाकणं. कधी खड्ड्याचा तळ खालून धाग्यांनी ओढून धरलेला असतो. मग आधी ते धागे सुईनं सोडवतात, याला सबसिजन म्हणतात, आणि नंतर गरज पडली तर फिलर.

नांदेडला त्वचेच्या डॉक्टरांनी माझे गाल आरशासमोर, बाजूच्या उजेडात तपासले. दोन खड्डे फिलरजोगे निघाले, बाकीचे नाहीत. डाव्या गालाचं सबसिजन झालं, आठवडाभर गाल काळानिळा होता. फिलर अजून घेतलेलं नाही. हायल्युरॉनिकचं फिलर साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतं, मग शरीर ते हळूहळू विरघळवतं, आणि एका सिरिंजला साधारण 15 ते 30 हजार रुपये लागतात. लग्नाच्या फोटोंसाठी कर्ज काढून हे करायचं का, याचा हिशोब मी तरी दोन दिवाळ्या मांडतोय. आणि चेहऱ्यावर नवे पिंपल येत असतील तर फिलरचा विचारच नको. आधी ते थांबवायचे, नाहीतर एक खड्डा भरेपर्यंत दुसरा तयार होतो.

डोळ्याची गोष्ट

ही गोष्ट मी लांबवून सांगतो, कारण रील बनवणारे ती सांगत नाहीत. चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी काळी पडून मरू शकते. ते मागे सरकत डोळ्याच्या पडद्याला रक्त देणाऱ्या वाहिनीत अडकलं तर दृष्टी जाते, आणि बहुतेकदा ती परत येत नाही. हे फार क्वचित घडतं. नाक, दोन भुवयांमधली जागा आणि कपाळ इथे धोका जास्त. म्हणून सुई धरणाऱ्या माणसाला चेहऱ्यातली प्रत्येक वाहिनी कुठून जाते हे माहीत असावं लागतं, आणि टेबलावर हायल्युरोनिडेज नावाचं जेल विरघळवणारं इंजेक्शन तयार असावं लागतं. टोचताना किंवा टोचल्यावर जोरात दुखलं, कातडी पांढरी पडली किंवा जाळीसारखी निळसर झाली, नजर अंधुक झाली, तर तिथेच, त्याच मिनिटाला सांगायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

पार्लरमध्ये, हॉटेलच्या खोलीत, ऑनलाइन मागवलेल्या सिरिंजनं हे करून घेऊ नका. माझ्या ओळखीत एकीनं स्वस्तात करून घेतलं. गालावर गाठी आल्या आणि कुठलं जेल घातलं हेच कुणाला सांगता येईना. डॉक्टर त्वचारोगाचे किंवा प्लास्टिक सर्जरीचे आहेत का, आणि सिरिंजचं सीलबंद खोकं तुमच्यासमोर उघडतायत का, एवढं बघाच. खोक्यावरचं स्टिकर मागून घ्या. कायम टिकणारी फिलरही असतात, पण ती बिघडली तर इंजेक्शननं विरघळत नाहीत.

एका डोळ्याचा राजा

रणजितसिंहांना स्वतःच्या चेहऱ्याबद्दल काय वाटायचं हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. दरबारात सरदार जवाहिरांनी मढलेले असायचे आणि ते स्वतः साध्या पांढऱ्या कपड्यांत, खुर्चीवर मांडी घालून बसायचे, असं भेटून गेलेले लोक सांगतात. त्यांचे मंत्री फकीर अझीझुद्दीन यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. इंग्रज साहेबानं त्यांना विचारलं की महाराजांचा कुठला डोळा अधू आहे. फकीरांनी सांगितलं की महाराजांच्या चेहऱ्यावर इतकं तेज आहे की वर मान करून बघायची हिंमतच कधी झाली नाही. गोष्ट रंगवलेली असेल, पण ती पंजाबात आजही सांगतात. 1838 मध्ये गव्हर्नर जनरलची बहीण एमिली ईडन हिनं त्यांचं चित्र काढलं. आपल्या पत्रांत तिनं त्यांच्या दिसण्याची थट्टा केली आहे, आणि त्यांनी स्वतःच्या बळावर एवढं राज्य उभं केलं, लोकांचा जीव सहसा घेतला नाही आणि लोक त्यांच्यावर प्रेम करतात, हेही लिहून ठेवलंय.

नांदेडचं काम 1832 ते 1837 या काळातलं. गुरू गोविंदसिंहजींचा शेवट 1708 मध्ये इथे झाला, त्या जागी. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि लाहोर सरळ रेषेत मोजलं तरी चौदाशे किलोमीटर लांब. तरी पैसा आणि माणसं तिकडून आली, आणि आलेल्यांपैकी काही इथेच राहिली. नांदेडच्या काही शीख घरांत आज अस्सल मराठवाडी बोली ऐकू येते, त्यामागे हाही इतिहास आहे.

बांधकाम चालू असतानाच महाराजांना अर्धांगाचे झटके येऊ लागले होते. शेवटी बोलणंही जड झालं, खुणांनी कारभार चालायचा. 27 जून 1839 रोजी लाहोरला ते वारले. दहा वर्षांत, 1849 मध्ये, इंग्रजांनी पंजाब खालसा केला. कोहिनूर लंडनला गेला, त्यांचं सोन्याचं सिंहासनही लंडनच्या संग्रहालयात आहे. गुरुद्वारा नांदेडला आहे, मुखेडहून सकाळच्या एसटीनं निघालं तर दुपारच्या लंगरला पोचता येतं.