कलामहर्षी बाबूराव पेंटर

अनंत चतुर्दशी उलटली की मखर मोडते, मंडपाचे बांबू सुटतात आणि काल जेथे महाल उभा होता तेथे मोकळी जागा उरते. सतराव्या शतकातील रोममध्येही बेर्निनीसारखे थोर शिल्पी उत्सवांसाठी लाकडाची व कापडाची भव्य आरास रचीत. सण सरला की तीही नाहीशी होई. अशा अल्पायुषी वास्तूंवर ज्यांनी आपली प्रतिभा उधळली, असे महाराष्ट्राचे कलावंत म्हणजे बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील कुशल कारागीर. चित्रकलेचे धडे बाबूरावांनी स्वतःच गिरविले. नात्याने बंधू असलेल्या आनंदरावांसह ते नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवू लागले आणि 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव झाले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रकाशित झाला, आणि या बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. तो आघात सोसून बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने कॅमेरा कोल्हापुरातच सिद्ध केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

पडद्यावर रंगविलेला खांब नाट्यगृहात दुरून खरा भासतो. कॅमेऱ्यापुढे मात्र त्याचा सपाटपणा उघडा पडतो. पडदे रंगविण्यात हयात गेलेल्या बाबूरावांनीच पडदा दूर सारला आणि खोली व उठाव असलेले देखावे उभारले. 'सैरंध्री' (१९२०), 'सिंहगड' (१९२३), 'सावकारी पाश' (१९२५) ही त्या तपश्चर्येची फळे होत.

चित्रण संपले की ते वाडे मोडले जात. पुढे काळाने चित्रफितीही गिळल्या. त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम हे शिष्य वेगळे झाले व त्यांनी 'प्रभात' स्थापिली. गुरूला तो वियोग जड गेला असेल. परंतु त्यांची विद्या टिकली ती या शिष्यांच्याच हातांत. बाबूराव चित्र व शिल्प यांकडे वळले आणि १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.

रायपुरात आपणही दरवर्षी मखर रचतो व मोडतो. ते टिकावे अशी अपेक्षा नसतेच. खिळे-सुतळी हाती देत शेजारी उभे असलेले मूल मात्र पुढल्या वर्षी स्वतः गाठ मारू शकले पाहिजे. मायभूमीपासून दूर असलेल्या आपणांस बाबूरावांचे चरित्र हेच शिकविते.