आईच्या श्रद्धेचा वारस : जे. आर. आर. टोल्किन

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन चित्रपट २००१ ते २००३ या काळात आले. आपल्या धर्मग्रामातील अनेकांनी ते पाहिले असतील. परंतु ही कथा लिहिणारे प्राध्यापक निष्ठावंत कॅथलिक होते, हे आम्हालाही बरेच उशिरा कळले.

जॉन रोनल्ड रूएल टोल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लोमफॉन्टेन येथे झाला. आई मेबल दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आली असताना, १८९६ साली तिकडे वडील वारले. पुढे १९०० साली मेबल यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. नातेवाइकांना ते रुचले नाही आणि मिळणारी मदत आटली. तरीही ती माउली डगमगली नाही. १९०४ साली, अवघ्या ३४व्या वर्षी, मधुमेहाने तिचे निधन झाले. इन्सुलिनचा शोध तेव्हा लागला नव्हता. आईने श्रद्धेसाठी प्राण वेचले, ही भावना बारा वर्षांच्या रोनल्डने जन्मभर जपली.

मुलांचे पालकत्व आईने फादर फ्रान्सिस मॉर्गन यांच्याकडे सोपवले होते. संत जॉन हेन्री न्यूमन यांनी स्थापन केलेल्या बर्मिंगहॅमच्या ओरेटरीतील हे धर्मगुरू. त्यांनी पदरमोड करून मुलांना वाढवले. रोनल्ड एडिथच्या प्रेमात पडला, तेव्हा एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत तिला भेटायचे नाही, असे फादरांनी बजावले. रोनल्डने ते पाळले. १९१६ साली दोघांचा विवाह झाला. त्याच वर्षी सोमच्या रणभूमीवर जावे लागले आणि त्या वर्षात दोन जिवलग मित्र युद्धात गेले.

पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झालेल्या टोल्किन यांनी आधी भाषा रचल्या आणि त्या बोलणारे लोक नंतर घडवले. ‘मिडल-अर्थ’ नावाच्या त्या जगात अमर एल्फ आहेत, खाणी खोदणारे बुटके आहेत, माणसे आहेत. आणि शेतीवाडीत रमणारे, खाण्यापिण्याचे शौकीन हॉबिटही आहेत. हॉबिटांची एक गोड रीत आहे : स्वतःच्या वाढदिवशी ते इतरांना भेटी देतात!

या जगात चर्च नाही, मिस्सा नाही. पण थकलेल्या वाटसरूंना बळ देणारी एल्फांची भाकर आपल्याला ख्रिस्तप्रसादाची आठवण करून देते. दुष्ट अंगठी नष्ट होते ती २५ मार्चला, म्हणजे देवदूताने पवित्र मरियेला संदेश दिला त्या सणाच्या दिवशी. आणि नष्ट होते तरी कशी? ऐन क्षणी फ्रोडो मोहाला बळी पडतो. अंगठी हिसकावून आगीत कोसळतो तो गॉलम. बिल्बो आणि फ्रोडो यांनी दया दाखवून ज्याला जिवंत सोडले होते, तोच हा! शक्तीने जे साधले नाही, ते दयेमुळे साधले.

टोल्किन यांचा थोरला मुलगा धर्मगुरू झाला. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ‘जेरुसलेम बायबल’साठी त्यांनी योनाच्या पुस्तकाच्या भाषांतराचे काम केले. २ सप्टेंबर १९७३ रोजी ते देवाघरी गेले.

मेबल यांना मुलाचे एकही पुस्तक पाहता आले नाही. त्यांनी फक्त मुलांना वेदीपर्यंत नेले. रविवारी पेंगुळलेल्या मुलांना उठवून मिस्साला आणणाऱ्या आपल्या आयाही तेच करीत आहेत. त्याचे फळ कधी दिसेल, हे आपण प्रभूवर सोपवू या.