कॉर्नेलियस वॉर्मरडॅम : एका क्रीडाशिक्षकाची जीवनकथा

शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास बहुधा दिवसाच्या शेवटी असतो आणि परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी तोच कापला जातो. मुलगा मैदानावरून उशिरा घरी आला की त्याने वेळ वाया घालवला असा आपण पालक मनात निष्कर्ष काढतो. गणित किंवा इंग्रजी शिकवणाऱ्या गुरुजींना समाजात मान मिळतो. शिटी गळ्यात अडकवून उन्हात उभ्या असलेल्या क्रीडाशिक्षकाला मात्र तो मान क्वचितच लाभतो. अशा या उपेक्षित पेशाला ज्याने आपली उमेदीची वर्षे दिली आणि त्यासाठी फार मोठी किंमत मोजली, अशा एका माणसाची ही कथा आहे. त्याचे नाव कॉर्नेलियस वॉर्मरडॅम. बांबूच्या काठीवर त्याच्याइतकी उंच उडी जगात दुसऱ्या कोणीही मारली नाही.

कॉर्नेलियसचा जन्म 22 जून 1915 रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लाँग बीच येथे झाला. त्याचे आईवडील हॉलंडमधून पोटापाण्यासाठी अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले होते. म्हणूनच पुढे मैदानावर लोक त्याला 'डच' या नावाने हाक मारीत. त्याचे बालपण हॅनफर्ड या गावाजवळ शेतावर गेले. हा सारा मुलूख शेतीचा, फळबागांचा. वॉर्मरडॅम कुटुंबही फळबागेवरच जगत होते. अशा घरात मुलांना कामातून सवड थोडी आणि खेळाची साधने त्याहून थोडी. परंतु ज्याला शिकण्याची आस असते तो साधनांसाठी अडून बसत नाही. कॉर्नेलियसने पीच झाडाच्या फांदीची काठी केली आणि पालकाच्या वाफ्यात उड्या मारण्याचा सराव सुरू केला. एका फिरत्या विक्रेत्याने त्याला तसे उडताना पाहिले आणि फ्रेस्नो येथील स्टेट कॉलेजचे क्रीडाप्रशिक्षक फ्लिंट हॅनर यांच्या कानावर ही गोष्ट घातली, असे सांगतात. हॅनर यांनी या शेतकऱ्याच्या मुलाला कॉलेजात आणले. हॅनर यांची पारख चुकली असती किंवा त्यांनी ती बातमी हसण्यावारी नेली असती, तर हा मुलगा कदाचित आयुष्यभर बागेतच राहिला असता.

पुढचे समजण्यासाठी या खेळाची थोडी माहिती असणे जरूर आहे. पोल व्हॉल्ट म्हणजे आपल्याकडे ज्याला बांबू उडी म्हणतात तो खेळ. दोन खांबांवर एक आडवी काठी ठेवलेली असते. खेळाडू हातात लांब बांबू घेऊन वेगाने धावत येतो, जमिनीत बसवलेल्या खाचेत बांबूचे टोक रोवतो आणि त्या आधाराने अंग वर फेकून आडवी काठी ओलांडतो. आज वापरतात त्या काठ्या काचतंतूंच्या, म्हणजे फायबरग्लासच्या असतात. त्या धनुष्यासारख्या वाकतात आणि सरळ होताना खेळाडूला वर ढकलतात. बांबू तसा वाकत नाही. त्या काळी उंची गाठायची ती खेळाडूच्या पायांतील वेगावर आणि खांद्यांतील ताकदीवर. टोक रोवले जाताच खालचा हात सरकवून वरच्या हाताजवळ आणायचा, घड्याळाच्या लंबकाप्रमाणे शरीर झुलवायचे, मग पाय वर नेऊन हातांच्या बळावर अंग खेचायचे, हवेतच वळायचे आणि शेवटी काठी मागे ढकलून द्यायची. हे सारे काही क्षणांत घडते. त्यात एक गोष्ट जरी आगेमागे झाली तरी उडी फसते. आणि उतरायचे ते आजच्यासारख्या जाड, मऊ गादीवर नव्हे, तर वाळूच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या खड्ड्यात. म्हणजे वर जाण्याइतकेच नीट खाली येणेही शिकावे लागे.

या खेळात पंधरा फूट ही उंची त्या वेळी अशक्य कोटीतील समजली जात असे. 1927 साली सेबिन कार या खेळाडूने चौदा फूट ओलांडले होते. त्यानंतर दहा वर्षांनी, 1937 साली, बिल सेफ्टन आणि अर्ल मेडोज हे दोघे चौदा फूट अकरा इंचांपर्यंत पोहोचले आणि तेथेच गाडी अडली. राहिलेला तो एक इंच कोणालाच साधेना.

13 एप्रिल 1940 रोजी बर्कले येथील मैदानावर वॉर्मरडॅम यांनी तो इंच ओलांडला. पंधरा फुटांवरून जाणारे ते जगातील पहिले पुरुष. त्यांचे वय तेव्हा चोवीस वर्षांचे होते. कॉलेजचे शिक्षण पुरे करून ते शाळेत शिक्षकाची नोकरी करीत होते आणि नोकरी सांभाळून सराव करीत होते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच वर्षी 29 जून रोजी फ्रेस्नोत त्यांनी पंधरा फूट एक इंच, म्हणजे 4.60 मीटर, उडी मारली व ती जागतिक विक्रम म्हणून अधिकृतपणे नोंदली गेली. 23 मे 1942 रोजी मॉडेस्टो येथे ते 4.77 मीटरपर्यंत, म्हणजे पंधरा फूट पावणेआठ इंचांपर्यंत गेले. 1943 च्या मार्चमध्ये शिकागोच्या बंदिस्त मैदानात त्यांनी याहूनही थोडी अधिक, पंधरा फूट साडेआठ इंचांची उडी घेतली. एकूण त्रेचाळीस वेळा त्यांनी पंधरा फुटांची मर्यादा पार केली. त्यांच्या ऐन भराच्या काळात दुसऱ्या एकाही खेळाडूला ती एकदाही पार करता आली नाही. दुसरा माणूस, बॉब रिचर्ड्स, तेथे पोहोचला तो 1951 साली. 1942 साली अमेरिकेतील हौशी खेळाडूंसाठी असलेले मानाचे सलिव्हन पारितोषिक वॉर्मरडॅम यांना देण्यात आले.

इतका मोठा खेळाडू म्हटल्यावर त्यांच्या घरी ऑलिंपिकची सुवर्णपदके असतील अशी कोणाचीही समजूत व्हावी. वस्तुस्थिती अशी आहे की त्यांना एकही पदक मिळाले नाही, कारण त्यांना ऑलिंपिकच्या मैदानावर उतरायलाच मिळाले नाही.

1940 सालचे ऑलिंपिक प्रथम टोकियोला व्हायचे होते, मग ते हेलसिंकीला ठरले आणि अखेर महायुद्धामुळे रद्द झाले. तेव्हा वॉर्मरडॅम पंचवीस वर्षांचे होते. 1944 चे लंडन येथील ऑलिंपिकही युद्धाने गिळले. तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते आणि देशाच्या नौदलात सेवा बजावीत होते. युद्ध संपले. 1948 साली लंडनमध्ये पुन्हा ऑलिंपिक भरले. वॉर्मरडॅम तेहतीस वर्षांचे झाले होते. पण या वेळी वाट अडवली ती नियमाने. ऑलिंपिक त्या काळी केवळ हौशी खेळाडूंसाठी होते. खेळ शिकवण्याबद्दल जो वेतन घेतो तो व्यावसायिक, आणि व्यावसायिकाला तेथे प्रवेश नाही, असा कडक दंडक होता. वॉर्मरडॅम यांनी क्रीडाप्रशिक्षकाची नोकरी पत्करली होती. 1947 साली ते आपल्या जुन्या कॉलेजात, फ्रेस्नोला, शिकवण्यासाठी परत आले होते. मुलांना खेळ शिकवतो या कारणाने जगातील सर्वश्रेष्ठ बांबू उडीपटू जगाच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेतून बाद ठरला.

हे नुकसान केवढे होते ते आकड्यांवरून कळेल. 1948 साली लंडनमध्ये सुवर्णपदक मिळाले 4.30 मीटर उडीला. 1952 साली हेलसिंकीत 4.55 मीटरला, 1956 साली मेलबर्नमध्ये 4.56 मीटरला, आणि 1960 साली रोमला डॉन ब्रॅग या खेळाडूला 4.70 मीटरला. यांपैकी एकही उडी वॉर्मरडॅम यांच्या 1942 सालच्या 4.77 मीटरपर्यंत पोहोचली नाही, आणि रोमच्या खेळाडूकडे तर बांबूऐवजी धातूची काठी होती. मैदानावरील त्यांचा विक्रम पंधरा वर्षे टिकून 1957 साली मोडला, बंदिस्त मैदानातील विक्रम 1959 साली.

अशा प्रसंगी माणूस कडवट होतो. काहीजण उरलेले आयुष्य गाऱ्हाणे सांगण्यात घालवतात, तर काही जुन्या कीर्तीवर सभा-समारंभ करीत फिरतात. वॉर्मरडॅम यांनी यांपैकी काहीच केले नाही. ज्या पेशाने त्यांचे पदक नेले त्याच पेशात ते 1947 पासून 1980 पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे राहिले. आरंभीची बरीच वर्षे ते आपलेच गुरू हॅनर यांच्या हाताखाली साहाय्यक होते. जागतिक विक्रमवीराला हाताखाली काम करण्यात कमीपणा वाटला नाही. 1961 साली त्यांच्याकडे मुख्य प्रशिक्षकाची जबाबदारी आली. 1964 साली त्यांच्या फ्रेस्नो स्टेटच्या संघाने अमेरिकेच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत कॉलेज विभागाचे सांघिक अजिंक्यपद मिळवले. एका शेतकरी भागातील कॉलेजला ही गोष्ट लहान नव्हती.

उडीच्या प्रशिक्षकाचे काम दिसते तसे सोपे नसते. बांबू उडी असो वा उंच उडी, निम्मा खेळ जमिनीवरच ठरतो. मुलाची पावले मोजून धावेची खूण ठरवावी लागते. एक पाऊल लांबले किंवा आखडले तरी उडण्याची जागा चुकते. मुलाचे वजन, उंची आणि वेग पाहून त्याला काठी द्यावी लागते. उंच उडीत कोणता पाय उचल घेतो, धाव किती तिरपी असावी, हे प्रत्येकाचे वेगळे असते. अवघड क्रियेचे तुकडे करून एकेक तुकडा अंगवळणी पाडायचा आणि मग ते सारे पुन्हा जोडायचे, ही गोष्ट वर्गातल्या शिक्षकालाही परिचयाची आहे. पडण्याची भीती घालवायची, पण बेफिकिरी येऊ द्यायची नाही, हे तर त्याहून कठीण.

त्यातच या तेहतीस वर्षांत दोन्ही उड्यांचे रूप पालटून गेले. युद्धानंतर बांबू जाऊन पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या काठ्या आल्या. 1960 च्या सुमारास फायबरग्लासची काठी आली आणि तिने सगळे गणितच बदलले. दोन हात जवळ आणण्याची जुनी रीत गेली, हात लांब ठेवून काठी वाकवण्याची नवी रीत आली. 1962 साली सोळा फूटही ओलांडले गेले. उंच उडीत 1968 साली मेक्सिको येथे डिक फॉसबरी या कॉलेज विद्यार्थ्याने पाठ खाली करून काठी ओलांडली, सुवर्णपदक जिंकले, आणि पोट खाली ठेवून उडण्याची रीत हळूहळू मागे पडली. ज्या विद्येने वॉर्मरडॅम स्वतः मोठे झाले ती बांबूची विद्या त्यांच्या डोळ्यांदेखत कालबाह्य झाली. आपल्या वेळचेच खरे, असे म्हणत बसलेला शिक्षक अशा वेळी विद्यार्थ्यांच्या उपयोगाचा राहत नाही. जो स्वतः पुन्हा शिकतो तोच नव्या पिढीला शिकवू शकतो. काठी बदलली तरी ते 1980 पर्यंत मैदानावर मुलांबरोबर उभे राहिले, यातच त्यांची योग्यता दिसून येते.

त्यांना मान मिळाला नाही असे मात्र नाही. 1974 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मैदानी क्रीडा सन्मानदालनात पहिल्याच तुकडीत त्यांचे नाव घेतले गेले. फ्रेस्नोच्या कॉलेजातील ज्या मैदानावर विद्यार्थी धावत आणि उडत, त्या मैदानाला वॉर्मरडॅम यांचे नाव देण्यात आले. स्वतः ते उतारवयातही ज्येष्ठांच्या स्पर्धांत हौसेने भाग घेत. 13 नोव्हेंबर 2001 रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूच्या एक वर्ष आधी, 2000 साली, सिडनी येथील ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी बांबू उडी प्रथमच ठेवण्यात आली. स्टेसी ड्रागिला या अमेरिकन तरुणीने 4.60 मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळवले. बरोबर साठ वर्षांपूर्वी एका शाळाशिक्षकाने फ्रेस्नोत जागतिक विक्रम म्हणून नोंदवली होती तीच ही उंची. काठी नवी होती हे खरे. तरीही, एके काळी जगातल्या एकाच पुरुषाला साधलेली गोष्ट पुढे एका मुलीने करून दाखवली. आपल्या मुलींना मैदानापासून दूर ठेवणाऱ्या पालकांनी यावर अवश्य विचार करावा. पुरुषांचा विक्रम तर 2025 साली टोकियो येथे आर्मंड डुप्लांटिस याने 6.30 मीटरवर नेला. विशेष म्हणजे या तरुणाला घडवणारे प्रशिक्षक त्याचे आईवडीलच आहेत.

पालकबंधू-भगिनींनो, आपल्यातील पुष्कळ घरांत साधने थोडी आहेत. पण पीचच्या फांदीवर आणि पालकाच्या वाफ्यात जो मुलगा शिकला, त्याच्याकडे तरी काय होते? त्याला हवी होती ती पारखणारी एक नजर आणि थोडी मोकळीक. ती देणे आपल्या हाती आहे. मुलाला संध्याकाळचा एक तास मैदानावर जाऊ द्या, आणि शाळेत आलात की त्याच्या क्रीडाशिक्षकांचीही भेट घ्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत, नोकरीत, स्पर्धेत तुमच्याही वाट्याला असे प्रसंग येतील की पात्रता असून दार उघडणार नाही. कधी काळ आड येईल, कधी नियम. त्या वेळी पदकावाचून राहिलेल्या या माणसाची आठवण ठेवा. त्याने आपली विद्या घरी कुलपात ठेवली नाही. तेहतीस वर्षे रोज मैदानावर जाऊन ती दुसऱ्यांच्या मुलांना दिली.