इंदूरला जन्मलेली रसायनकन्या : डॉ. कमला सोहोनी

संत्र्यात ‘सी’ जीवनसत्त्व असते, हे आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या पोरांना वेगळे शिकवावे लागत नाही. पण अशी द्रव्ये झाडाच्या रसात, डाळीच्या दाण्यात शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या एका मराठी बाईंची ओळख मात्र पुष्कळांना नसते. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी. जन्म १९११ सालचा, आणि तोही आजच्या आपल्या मध्य प्रदेशातल्या इंदूरचा.

माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. थोर लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. अशा घरातल्या मुलीला रसायनाची गोडी लागली नसती तरच नवल. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि वडिलांच्याच संस्थेत संशोधनासाठी त्यांनी अर्ज केला.

अर्ज नामंजूर झाला. कारण एकच, त्या मुलगी होत्या. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक मिळवलेले सर सी. व्ही. रामन. एवढ्या मोठ्या माणसाने नाही म्हटल्यावर दुसरी कुणी घरी बसली असती. पण ते गांधीजींच्या सत्याग्रहाचे दिवस होते. कमलाबाई बंगळूरला गेल्या, सत्याग्रहाचाच मार्ग धरला आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हटल्या नाहीत. रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष परीक्षेचे, नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही आणि प्रयोगशाळेतल्या इतरांना आपल्यामुळे त्रास होता कामा नये. हा अपमान त्यांना आयुष्यभर सलला. तरी अटी मान्य करून त्यांनी श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली काम सुरू केले. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते. पुढे त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. कमलाबाईंची खरी पहिली कमाई हीच.

बंगळूरला त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. १९३६ साली एम.एस्सी. झाल्या आणि शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. तिथे जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळालेले हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा होती.

विद्यार्थी मित्रांनो, त्यांनी तिथे काय केले ते समजायला सोपे आहे. लाकूड जळते तेव्हा ऑक्सिजनशी संयोग होऊन उष्णता बाहेर पडते. आपल्या शरीरातही अन्नाचे असेच ऑक्सिडीकरण होते, पण ज्वाळेशिवाय, हळूहळू, पायरीपायरीने. या पायऱ्या चढवणारी खास प्रथिने पेशीत असतात. त्यांतले एक म्हणजे सायटोक्रोम-सी. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंनी दाखवले की वनस्पतींच्या पेशींतही हे द्रव्य असते. म्हणजे झाड आणि माणूस यांच्या श्वसनाचे रसायन मुळात एकाच वळणाचे. एवढ्या मोठ्या कामाचा प्रबंध अवघा चाळीस पानांच्या आसपास होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

परदेशात राहणे सोपे होते, पण त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर कुन्नूरच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या विज्ञान संस्थेत त्यांनी गरिबाच्या ताटातले अन्न अभ्यासाला घेतले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून नीरेवर संशोधन केले. ताड-शिंदीचा ताजा रस म्हणजे नीरा. तो ठेवला की यीस्टमुळे साखरेचे अल्कोहोल होते आणि कार्बन डायऑक्साइड निघून फेस येतो, तीच ताडी. ताज्या नीरेत मात्र जीवनसत्त्वे व लोह असल्याचे आणि कुपोषित मुलांना, गरोदर बायांना तिचा उपयोग होत असल्याचे त्यांच्या कामातून दिसले. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी द्रव्ये असतात, यावरही त्यांनी संशोधन केले. विकर म्हणजे तुमच्या शाळेच्या हिंदी पुस्तकातले एंजाइम. डाळ नीट शिजवली की ही द्रव्ये बरीचशी निकामी होतात. आजीने शिजवण्याचा जो नियम पाळला, त्यामागे हे रसायन आहे.

संस्थेचे संचालकपदही त्यांना उशिराच मिळाले. १९६९ साली निवृत्त झाल्यावर त्या ग्राहक चळवळीत उतरल्या आणि अन्नातली भेसळ कशी ओळखावी हे सामान्य गृहिणींसाठी लिहीत राहिल्या. १९९८ साली दिल्लीत त्यांचे निधन झाले.

आज आपल्या गावातली मुलगी विज्ञान शाखा घेते तेव्हा तिला कुणाच्या दारात सत्याग्रह करावा लागत नाही. तो कमलाबाईंसारख्यांनी आधीच केला आहे. दूर शहरात शिकायला पाठवायचे की नाही, हा प्रश्न मात्र अजून घराघरांत निघतो. त्याचे उत्तर देताना पालकांनी इंदूरला जन्मलेली ही मुलगी जरूर आठवावी.