मैदानावरील भीष्माचार्य अ‍ॅलाँझो स्टॅग

शाळेच्या पटांगणांत सायंकाळीं बास्केटबॉल खेळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस तो खेळ कोठें जन्मास आला हें कदाचित् ठाऊक असेल. त्याच्या पहिल्या जाहीर सामन्यांत कोण कोण खेळलें, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असावें. १८९२ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या विद्यालयांत, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा तो सामना झाला. विद्यार्थ्यांनीं पांच वेळां टोपलींत चेंडू टाकिला, शिक्षकांनीं एकदांच. तो एकदां टाकणारे ठेंगणे, घट्ट बांध्याचे, तिशीच्या आंतले शिक्षक म्हणजेच आमचे आजचे चरित्रनायक अमॉस अ‍ॅलाँझो स्टॅग. पुढें ह्याच विद्यालयांत शिकलेले हॅरी क्रो बक ह्यांनीं १९२० सालीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढिलें, आणि तेथून शिकून निघालेले शिक्षक देशभर पसरले. तेव्हां आमच्याकडील पुष्कळ ड्रिलमास्तरांचें कूळ शोधीत गेलें तर तें ह्या गांवापर्यंत जाऊन पोंचतें.

परंतु स्टॅग ह्यांची कीर्ति झाली ती फुटबॉलमुळें. येथें वाचकांनीं आपला फुटबॉल डोळ्यांपुढें आणूं नये. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट व दोन्ही टोंकांस निमुळता असतो. अकरा अकरा गड्यांचे दोन संघ तो हातांत घेऊन धांवतात, फेंकतात, प्रसंगीं पायानें उडवितात. आणि प्रतिपक्षाचे गडी अंगावर झेंप घालून धांवणाऱ्यास जमिनीवर लोळवितात. हुतूतूंतील पकड ज्यांनीं अनुभवली आहे त्यांस ह्या खेळाची कांहींशी कल्पना येईल. हा खेळ त्या देशांत वाढला तो कॉलेजांत, आणि कॉलेजांस खेळाडू मिळतात ते हायस्कुलांतून. कोणत्या हायस्कुलांत कोणता मुलगा चपळ आहे हें हेरून त्यास आपल्या कॉलेजांत आणणें ही तेथें एक स्वतंत्र विद्याच होऊन बसली आहे. तिच्या आद्य आचार्यांत स्टॅग ह्यांची गणना करावी लागते, आणि म्हणूनच त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांपुढें, व विशेषतः त्यांच्या आईबापांपुढें, ठेवावेंसें आम्हांस वाटलें.

न्यू जर्सी संस्थानांतील वेस्ट ऑरेंज गांवीं १६ ऑगस्ट १८६२ रोजीं एका जोडे शिवणाऱ्या गरीब कारागिराच्या घरीं त्यांचा जन्म झाला. आठ भावंडांत अ‍ॅलाँझो पांचवा. पडेल तें काम करीत शिकावयाचें, त्यामुळें हायस्कूलचा अभ्यास पुरा होईपर्यंत त्याच्या वयास वीस वर्षें उलटून गेलीं. १८८४ सालीं तो येल येथें दाखल झाला. धर्मोपदेशक व्हावें ही त्याची मनीषा होती. जवळ पैसा नव्हता. माळ्यावरच्या एका खोलींत, जेथें हिंवाळ्यांतही विस्तवाची सोय नव्हती, त्यानें बिऱ्हाड केलें, आणि जेवणावरचा खर्च इतका तोडला कीं प्रकृति ढासळली. असा हा अर्धपोटीं राहणारा मुलगा बेसबॉलमध्यें चेंडू टाकण्यांत इतका तरबेज निघाला कीं धंदेवाईक संघांनीं त्यास भरपूर पगार देऊं केला. तो त्यानें नाकारला. खेळ हा विकावयाचा जिन्नस नव्हे अशी त्याची धारणा होती, आणि ती पुढें ऐंशी वर्षें टिकली. हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें, कारण पुढील हकीकत समजण्यास त्याचा उपयोग आहे.

पदवी घेतल्यावर स्टॅग धर्मशास्त्राचा अभ्यास करूं लागले. १८८९ सालीं साऱ्या अमेरिकेंतील उत्तम अकरा कॉलेज खेळाडूंची पहिली यादी प्रसिद्ध झाली, तींत त्यांचें नांव होतें. व्यासपीठावर उभे राहिले म्हणजे मात्र त्यांची जीभ अडखळे. उपदेश आपल्या हातून शब्दांनीं व्हावयाचा नाहीं, तर तो मैदानावर मुलांचीं शरीरें व शीलें घडवून करावा, असा निश्चय करून ते स्प्रिंगफील्डास गेले. तेथेंच त्यांस त्यांचे येल येथील जुने गुरु विल्यम रेनी हार्पर ह्यांचें बोलावणें आलें.

हार्पर हे नव्यानें निघणाऱ्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले होते. रॉकफेलर ह्यांच्या द्रव्यानें उभ्या राहत असलेल्या ह्या विद्यापीठाचें नांव लौकर गाजावें ह्याची त्यांस घाई होती, आणि नांव गाजविण्यास फुटबॉलसारखें साधन नाहीं हें त्यांनीं ओळखलें होतें. म्हणून त्यांनीं स्टॅग ह्यांस नुसते खेळाचे वस्ताद म्हणून न नेमितां प्राध्यापकांच्या मालिकेंत बसविलें. १ ऑक्टोबर १८९२ रोजीं विद्यापीठ उघडलें त्याच दिवशीं स्टॅग मैदानावर उतरले. जमलेलीं मुलें अवघीं तेरा. संघ पुरा करावा म्हणून प्राध्यापकमहाशय स्वतः गडी होऊन खेळले! प्रतिपक्ष तरी कोठून आणावयाचा? विद्यापीठाचे आरंभींचे सामने हाइड पार्कसारख्या शेजारच्या हायस्कुलांशींच झाले. ज्या पोरांशीं ते त्या वेळीं झुंजले, त्यांच्याच धाकट्या भावंडांस आपल्या संघांत आणण्याची विवंचना त्यांस पुढें रात्रंदिवस लागावयाची होती.

ही विवंचना वाढली ती मिशिगनमुळें. १९०१ सालीं फील्डिंग योस्ट नांवाचे वस्ताद मिशिगन विद्यापीठांत आले, आणि त्या एका मोसमांत त्यांच्या संघानें ५५० गुण केले व प्रतिपक्षांस एकही गुण करूं दिला नाहीं. शिकागोच्या हायस्कुलांतील चांगल्या मुलांवर मिशिगनचाही डोळा होता. घरच्या अंगणांतलें पीक परका कापून नेणार, ही गोष्ट स्टॅग ह्यांस सहन होण्यासारखी नव्हती. १९०२ पासून त्यांनीं हायस्कुलांच्या धांवण्याच्या व उड्यांच्या शर्यती आपल्या विद्यापीठाच्या मैदानावर भरविण्यास सुरुवात केली. देखाव्यास ह्या शर्यती म्हणजे निव्वळ शारीरिक शिक्षणाचें कार्य, आणि तें कार्य होतेंही. पण सोळासतरा वर्षांच्या मुलानें विद्यापीठांत पाहुणा म्हणून राहावें, त्या दगडी इमारती पाहाव्या, प्रसिद्ध खेळाडूंशीं हस्तांदोलन करावें, आणि घरीं जातांना मनाशीं कांहीं ठरवून जावें, हाही त्यांतला हेतु होताच. शिवाय स्टॅग ह्यांचे जुने शिष्य ठिकठिकाणच्या हायस्कुलांत खेळाचे शिक्षक झाले होते; गुरूच्या दृष्टीनें मुलांची पारख करणें त्यांस सांगावें लागत नसे. ह्या साऱ्या व्यापांत त्यांची पत्नी स्टेला ह्यांचें साहाय्य मोठें होतें. १८९४ सालीं विवाह झाल्यापासून त्या सामन्यांस बसून प्रत्येक चालीची टिपणें काढीत.

त्या वेळीं विद्यापीठाच्या शेजारच्या वस्तींत वॉल्टर एकर्सॉल नांवाचा एक मुलगा वाढत होता. अंगानें लहान, पण धांवण्यांत वाऱ्यासारखा, आणि चेंडू पायानें उडविण्यांत त्याचा हात, किंवा पायच म्हणूं या, धरणारा दुसरा नव्हता. १९०२ च्या डिसेंबरांत हाइड पार्क हायस्कुलानें ब्रुकलिनहून आलेल्या एका नामांकित संघाचा १०५ विरुद्ध ० असा धुव्वा उडविला, त्या विजयी संघाचा हा नायक. मिशिगन व शिकागो दोघेही त्याच्या मागें लागले. तो मिशिगनच्या गाडीची वाट पाहत स्टेशनावर उभा असतां स्टॅग ह्यांनीं तेथें जाऊन त्यास परत आणिलें, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, १९०३ सालीं एकर्सॉल शिकागोच्या संघांत दिसूं लागला. प्रवेशास लागणारे हायस्कुलांतील सर्व विषय त्यानें पुरे केलेले नव्हते. तरीही दार उघडलें.

हाइड पार्कच्या त्याच संघांत सॅम्युएल रॅन्सम हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. त्याचें कौशल्य पाहणारांस थक्क करीत असे. तो शिकागोच्या संघांत दिसला नाहीं. तो विस्कॉन्सिनमधील बेलॉइट नांवाच्या लहानशा कॉलेजांत गेला, आणि तेथें त्यानें नांव मिळविलें. सर्वच मुलांसाठीं सारखी धांवाधांव होत नसे, एवढें ह्यावरून दिसतें.

३० नोव्हेंबर १९०५ रोजीं शिकागो येथें मिशिगनशीं सामना झाला. योस्ट ह्यांचा संघ छप्पन्न सामन्यांत हरला नव्हता. कडाक्याच्या थंडींत सुमारें २७,००० लोक दाटीनें बसले होते. दोन्ही बाजू इतक्या तुल्यबल कीं कोणासच गुण मिळेना. एकर्सॉल चेंडू लांब लांब उडवून मिशिगनला मागें रेटीत होता. अखेर त्याचा एक चेंडू मिशिगनच्या गड्यानें आपल्या सीमेच्या आंत घेतला. तो बाहेर धांवूं लागतांच त्यास शिकागोच्या गड्यांनीं मागें लोटून पाडलें. त्याबद्दल दोन गुण मिळाले. सामना २ विरुद्ध ० असा संपला, आणि साऱ्या शहरानें दिवाळी केली.

त्याच सुमारास कॉलियर्स नांवाच्या साप्ताहिकांत एडवर्ड जॉर्डन ह्यांची एक लेखमाला येत होती. कॉलेजें फुटबॉलचे विजय कसे विकत घेतात, अभ्यासाचा गंध नसलेलीं मुलें कशीं आंत घेतलीं जातात, हें तींत नांवानिशीं सांगितलें होतें. आणि एकर्सॉलचें नांव तींत होतें. १९०६ च्या आरंभीं हार्पर वारले. त्या वर्षीं पश्चिमेकडील विद्यापीठांनीं एकत्र जमून नियम केले: नव्या विद्यार्थ्यानें पहिलें वर्षभर संघांतून खेळूं नये, तीन वर्षांहून अधिक कोणी खेळूं नये, मोसमांत पांचच सामने व्हावे. एकर्सॉल मात्र १९०६ चा मोसम खेळला, सलग तिसऱ्या वर्षीं देशांतील उत्तम अकरांत निवडला गेला, आणि खेळण्याची मुदत संपतांच १९०७ च्या आरंभीं विद्यापीठानें त्याचें नांव काढून टाकिलें. पदवीस लागणाऱ्या अभ्यासाचा अर्धा भागही त्याच्या हातून पुरा झाला नव्हता. पुढें शिकागो ट्रिब्यून पत्रांत क्रीडावृत्तांत लिहून व सामन्यांत पंच म्हणून काम करून त्यानें चरितार्थ चालविला, आणि १९३० सालीं तो वारला.

स्टॅग ह्यांस आम्हीं भीष्माचार्य म्हटलें तें केवळ दीर्घायुष्यामुळें नव्हे. काशिराजाच्या कन्या भीष्मांनीं हरण करून आणिल्या त्या स्वतःसाठीं नव्हेत, घराण्यासाठीं. त्यांतील अंबेचें पुढें काय झालें हें वाचकांस सांगावयास नको. स्टॅग ह्यांनीं ह्या व्यवहारांत स्वतः पैसा खाल्ला असें त्यांचे टीकाकारही म्हणत नाहींत. दारू, तंबाखू त्यांस वर्ज्य. रागाच्या भरांत तोंडून निघणारी जबर शिवी म्हणजे गाढव, आणि फारच झालें तर दुप्पट गाढव. १९२२ सालीं प्रिन्स्टनशीं झालेल्या सामन्यांत बदली गड्याबरोबर पुढची चाल सांगून पाठवणें नियमाच्या हेतूस धरून नव्हे म्हणून त्यांनीं ती पाठविली नाहीं, आणि सामना २१ विरुद्ध १८ असा गमावला. खेळाच्या नियमाविषयीं इतका हळवा असणारा पुरुष मुलांच्या शिक्षणाविषयीं तितकाच हळवा कां नव्हता, हा प्रश्न आम्हांस सोडवितां आला नाहीं. आमचा तर्क असा कीं, आपल्या हाताखालीं आलेला मुलगा सुधारणारच अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती, आणि श्रद्धा असली म्हणजे हिशेब तपासण्याची गरज भासत नाहीं.

काळानें त्यांचीच विद्या त्यांच्यावर उलटविली. शिकागोपासून फार दूर नसलेल्या व्हीटन गांवीं रेड ग्रेंज नांवाचा एक मुलगा उन्हाळ्यांत घरोघर बर्फ पोंचविण्याचें काम करी. तो शर्यतींसाठीं इलिनॉय विद्यापीठाच्या मैदानावर गेला असतां तेथील वस्ताद झुप्के त्याच्याशीं दोन शब्द बोलले, आणि तेवढ्यावर तो तिकडेच गेला. १९२४ सालीं ग्रेंजच्या इलिनॉयशीं शिकागोनें २१-२१ अशी कशीबशी बरोबरी केली व त्या वर्षींचें प्रांतिक अजिंक्यपद मिळविलें. तें शेवटचें. पुढें मोठीं सरकारी विद्यापीठें मुलें ओढून नेऊं लागलीं, आणि शिकागोच्या प्रवेशपरीक्षेची चाळण बारीक होत गेली.

१९३२ सालीं तरुण अध्यक्ष हचिन्स ह्यांनीं सत्तर वर्षांच्या वयोमर्यादेचा नियम दाखवून स्टॅग ह्यांस निवृत्त केलें. एक्केचाळीस मोसम झाले होते. दुसरा कोणी असता तर आरामखुर्ची शोधता. हे गृहस्थ कॅलिफोर्नियांतील स्टॉक्टन गांवीं पॅसिफिक कॉलेजांत नव्यानें नोकरीस लागले. १९३८ सालीं ते आपलीं मुलें घेऊन शिकागोस आले, आणि स्वतःचें नांव दिलेल्या त्या स्टॅग फील्डवर त्यांनीं आपल्याच जुन्या विद्यापीठास ३२ विरुद्ध ० असें हरविलें. त्या दिवशीं वृद्धाच्या मनांत काय चाललें असेल! पुढल्याच वर्षीं मिशिगननें शिकागोचा ८५ विरुद्ध ० असा पराभव केला, आणि १९३९ च्या डिसेंबरांत विद्यापीठानें फुटबॉल बंद केला. ओस पडलेल्या प्रेक्षागाराखालच्या एका दालनांत २ डिसेंबर १९४२ रोजीं एन्रिको फर्मी ह्यांनीं अणूंची पहिली नियंत्रित साखळीप्रक्रिया घडवून आणिली.

१९४३ सालीं, एक्क्याऐंशीव्या वर्षीं, स्टॅग हे त्या सालचे सर्वोत्तम वस्ताद ठरले. नंतर त्यांनीं पेनसिल्व्हानियांत आपल्या मुलाच्या हाताशीं काम केलें, आणि परत स्टॉक्टनला येऊन एका ज्युनिअर कॉलेजांत मुलांस चेंडू उडविण्यास शिकविलें, तें १९६० पर्यंत, म्हणजे वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षापर्यंत. १७ मार्च १९६५ रोजीं तेथेंच ते वारले, तेव्हां त्यांस एकशेंदोन वर्षें पुरीं झालीं होतीं.

आतां मोठीं कॉलेजें उघडपणें खेळाच्या शिष्यवृत्त्या देतात, आणि २०२१ पासून खेळाडूंस आपल्या नांवावर जाहिरातींतून पैसा मिळविण्याचीही मोकळीक आहे. खेळासाठीं शिष्यवृत्ति मुळींच द्यावयाची नाहीं असा नियम पाळणाऱ्या कॉलेजांचा एक निराळा वर्ग आहे. त्या वर्गाच्या अंतिम सामन्यास १९७३ पासून स्टॅग ह्यांचें नांव आहे. १९६९ सालीं फुटबॉल पुनः सुरू करणारें शिकागो विद्यापीठही आज त्याच वर्गांत खेळतें. शिकागोच्या नैर्ऋत्येस पॅलॉस हिल्स येथें एक हायस्कूल आहे, त्यासही स्टॅग ह्यांचेंच नांव दिलेलें आहे. तेथील मुलें फुटबॉल खेळतात, आणि त्या भागांतील हायस्कुलांचे सामने पाहावयास कॉलेजांचीं माणसें अजूनही येतात.