औजारांचा सोबती : लक्ष्मणराव किर्लोस्कर

आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बहुतेक घरे शेतीवर चालतात. नांगर मोडला किंवा पाण्याचा पंप बंद पडला, की शेतकरी नारायणगाव, मंचर किंवा घोडेगावच्या कारागिराकडे जातो. औजार, कारखाना, कारागीर हे शब्द तुम्ही उर्दूतही वापरता. मराठीतही ते तसेच आहेत. या तीनही शब्दांना ज्यांनी महाराष्ट्रात मोठा मान मिळवून दिला, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची ही हकिकत आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन फारसे रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे पाहणे मात्र त्यांना फार आवडे. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या मदतीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे एक दुःखद गोष्ट लक्षात आली. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. चित्रकार होण्याचे स्वप्न तेथेच संपले.

दुसरा एखादा मुलगा निराश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी वेगळा विचार केला. रंग ओळखता आले नाहीत, तरी रेषा आणि माप यांवर त्यांची नजर पक्की होती. यंत्रांच्या चित्रांना रंग लागत नाहीत. अचूक रेषा लागते. त्यांनी ती विद्या घेतली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते ती शिकवू लागले.

कागदावरचे चित्र लोखंडात उतरवायचे, तर औजारांची ओळख हवी. मापासाठी पट्टी, काटकोन पाहण्यासाठी गुण्या आणि जाडी मोजण्यासाठी कॅलिपर असतो. तुकडा घट्ट धरायला शेगडा, तोडायला छिन्नी आणि हातोडी, कापायला करवत, घासायला कानस. ही हाताची औजारे. त्यांना बळ आपल्याच दंडाचे. कानस पुढे जाताना धातू कापते, म्हणून पुढे नेताना जोर द्यायचा आणि मागे घेताना सोडायचा. काही औजारे यंत्राच्या बळावर चालतात. लेथला उर्दूत खराद म्हणतात. त्यावर लोखंडाचा तुकडा फिरतो आणि कापणारे हत्यार त्याला टेकवतात. ड्रिल यंत्रात याच्या उलट असते. तेथे तुकडा स्थिर राहतो आणि हत्यार फिरते. त्या काळी प्रत्येक यंत्राला वेगळी विजेची मोटर नसे. एका इंजिनाने लांब दांडा फिरे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे एकेका यंत्राकडे जात.

तंत्रशाळेत बढती मिळाली नाही, म्हणून लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. बेळगावला भावाबरोबर त्यांनी सायकलींचे दुकान चालवले. पुढे जनावरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि मग लोखंडी नांगर. लोखंड वितळवायचे, वाळूच्या साच्यात ओतायचे, थंड झाल्यावर घासून मापात आणायचे, असे ते काम होते. पण नांगर कोणी घेईना. लोखंडामुळे जमिनीला विष बाधेल, अशी शेतकऱ्यांना भीती वाटे. जवळजवळ दोन वर्षे नांगर पडून राहिले. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांना नावे ठेवली नाहीत. शेतात नेऊन नांगर चालवून दाखवला. जे दोष कळले, ते दुरुस्त केले. हळूहळू गिऱ्हाईक येऊ लागले.

इतक्यात दुसरे संकट आले. शहर वाढवण्यासाठी कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम निघाला. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरान जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जमिनीवर निवडुंग माजला होता आणि सापांचे भय होते. १९१० साली कामगारांनी तेथे निवडुंग तोडले, विहीर खणली, घरे बांधली. तेच आजचे किर्लोस्करवाडी. ते सांगली जिल्ह्यात आहे.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले. नांगर कशाचे करायचे? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या, निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर तयार झाले. माणसे मारण्यासाठी ओतलेले लोखंड आता धान्य पिकवण्यासाठी जमिनीत उतरले.

नंतर किर्लोस्करांच्या कारखान्यांत पंप आणि उसाचे चरक झाले. पूर्वी परदेशातून येणारी लेथ यंत्रेही येथे बनू लागली. त्यांच्यासाठी १९४१ साली हरिहर येथे वेगळा कारखाना निघाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

मुलांनो, डोळ्यांतील उणिवेमुळे लक्ष्मणराव थांबले नाहीत. उरलेले गुण कोठे उपयोगी पडतील, ते त्यांनी शोधले. उद्या कार्यशाळेत कानस हाती घ्याल, तेव्हा आधी माप घ्या, सैल कपडे आवरा आणि काम संपल्यावर औजार पुसून जागेवर ठेवा. ज्याला औजाराची कदर असते, त्याच्या हातून काम चांगले होते.